सासूबाईंची रांग

व्हॅनिलाचं फूल एका सकाळपुरतं उमलतं. तेवढ्यात बारीक काडीनं त्याच्या आतला पडदा उचलायचा आणि अंगठ्यानं पराग दाबून बसवायचा. आमच्याकडे हे काम करणारी माशी नाही, म्हणून बायका आहेत. पराग बसला तर फूल वेलीवरच सुकतं आणि शेंग धरते. नाही बसला तर दुसऱ्या दिवशी गळून पडतं. पुढे शेंगा गरम पाण्यातून काढून, कांबळ्यात गुंडाळून वाळवायचं काम नवऱ्याचं. आइस्क्रीमला जो वास येतो, तो असा येतो.

मला हे सगळं सासूबाईंनी शिकवलं. झाडांवर वेली त्यांनीच चढवलेल्या. मागच्या बहरापासून मात्र त्यांना तो पडदा दिसेना, आणि त्यांना तसं सांगायची कोणाची छाती होत नव्हती.

"तूच घे सांभाळून," नवरा म्हणाला. घरातलं अवघड काम शेवटी माझ्याच गळ्यात पडतं.

मग मी त्यांच्या आधी उठून त्यांची रांग उरकायची, नंतर माझी. मागून त्या यायच्या, झालेल्याच फुलांत काडी फिरवायच्या आणि म्हणायच्या, "हात अजून शाबूत आहे हो." माझ्या अंगाचा पिट्टा पडायचा. कधीकधी त्यांचा रागही यायचा, खोटं कशाला बोलू?

मग मला ताप आला. दोन दिवस अंथरुणातून उठवेना. तिसऱ्या दिवशी कशीबशी मळ्यात गेले, तर त्यांच्या रांगेखाली गळलेली फुलंच फुलं. सासूबाई वेलीच्या बुडाशी कोयता घेऊन वाकल्या होत्या.

"वेल थकली," त्या म्हणाल्या. "फूल धरत नाही. काढून टाकते, नवी लावू."

नवी वेल फुलायला वर्षं जातात.

"आई, थांबा. वेल चांगली आहे. तुम्हाला दिसत नाही. तुमची फुलं मी करत होते."

कोयता त्यांच्या हातातच राहिला.

"कधीपासून?"

"मागच्या बहरापासून."

त्या वेलीच्या बुडाशीच बसल्या आणि वेल चाचपत राहिल्या.

"मग मी रोज इथे येऊन काय करत होते गं?"

 मीही त्यांच्याशेजारीच खाली बसले. त्या दिवशीची फुलं डोक्यावर उमलली होती. ऊन चढलं, ती मिटून गेली, तरी आम्ही दोघी उठलो नाही.