नेहमीइतकी

वहिनींचं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहायला हवं होतं. मी ते चष्म्याच्या घराखाली ठेवलं, म्हणजे सकाळी उठल्यावर पहिलं तेच दिसेल. दिसायचंही. मी चष्मा घ्यायचो आणि पत्र तिथंच राहायचं.

वहिनी म्हणजे मास्तरांच्या पत्नी. मास्तर माझे मित्र. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि शाळा सुटली की गावाबाहेरच्या तळ्यावर जाऊन बदकं मोजायचे. निवृत्त झाल्यावर तर त्यांना रानच मोकळं मिळालं. ते गेले तेव्हा वहिनी लेकीकडे राहायला गेल्या. त्यांना ऐकू कमी येतं, फोनवर बोलणं जमत नाही, म्हणून पत्र.

"भावजी," त्यांनी लिहिलं होतं, "तळं बुजवणार असं ऐकलं. यांच्या नोंदी तुमच्याकडे आहेत, त्या दाखवून काही होतंय का बघा. शेवटी शेवटी यांना धड दिसत नव्हतं, तरी जायचे. मी हात धरून न्यायची. मला बदकांतलं काही कळत नाही. मी आपली यांच्या पायांकडे बघायची, घसरू नयेत म्हणून. ती वर्षं फुकट गेली नाहीत एवढं कळलं तरी पुरे."

मला वाटलं, आधी काम होऊ द्यावं आणि चांगली बातमी घेऊनच लिहावं. मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस. कचेऱ्या, हरकती, सुनावण्या यांत कधी पडलो नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी माझी जीभ टाळूला चिकटते. पण हे काम कागदावरचं होतं, आणि कागदाला मी भीत नाही.

तळ्याबद्दलच्या हरकती घेणाऱ्या कचेरीला नोंदी तक्त्यात हव्या होत्या. तारीख एका रकान्यात, जागा दुसऱ्यात, संख्या तिसऱ्यात, शेरा चौथ्यात. शेवटची पाच वर्षं भरलेली असणं सक्तीचं. मास्तरांनी सगळ्या नोंदी स्वतः, एका बोटानं, संगणकावर उतरवून ठेवल्या होत्या. फक्त त्यांना वाटलं होतं की खाना म्हणजे वहीची ओळ. त्यामुळे अख्खी नोंद एकाच खान्यात कोंबलेली. तारीख, स्वल्पविराम, जागा, स्वल्पविराम, संख्या, स्वल्पविराम, आणि मग शेरा: "वारा पडलेला, पाणी काचेसारखं, लव्हाळ्यात कुणीतरी खाकरल्यासारखा आवाज, बहुतेक मीच."

मी आधी सुरुवातीच्या नोंदी वाचतच बसलो. सूनबाई कामावरून आली, पर्स खांद्यावर तशीच ठेवून संगणकाच्या पडद्यात डोकावली.

"बाबा, ही काय कादंबरी आहे का? तोडायचंय ना हे?"

"तोडायचं कसं ते कळेना."

"सरका जरा."

तिच्या कचेरीत ती दिवसभर हेच करते. तिनं सगळा रकाना निवडला, कुठलंसं बटण दाबलं, आणि मास्तरांच्या ओळी स्वल्पविराम दिसेल तिथं तुटून उजवीकडे पांगल्या. शेऱ्यातले स्वल्पविरामही तुटले. काच एका खान्यात गेली, खाकरणं दुसऱ्यात. मास्तरांनी तळ्याचे भाग पाडून त्यांना आकडे दिले होते. तिसऱ्या काठावरचं पाचवं डबकं म्हणजे ३-५. संगणकानं त्याची तारीख करून टाकली.

"घ्या. तुमच्या मास्तरांनी तळं मे महिन्यात नेऊन ठेवलंय," ती म्हणाली. "हे नाही चालायचं. सूत्रानंच करावं लागणार. तुम्ही शिका, मी पोळ्या करते. का उलट करायचं?"

"नको. पोळ्या मला येत नाहीत."

"सूत्र तरी कुठं येतंय! हे बघा, आयुष्यभर तुम्ही स्वल्पविरामच शोधलेत. हेही तेच. सापडला की कापायचं, एवढंच."

आणि खरंच तसंच होतं. पहिला स्वल्पविराम कितव्या अक्षरावर आहे ते सूत्राला विचारायचं. त्याच्या डावीकडची ती तारीख. मग दुसरा विचारायचा, दोहोंच्या मधली ती जागा. तिसऱ्याच्या आधीची संख्या, तिचा आकडा करून घ्यायचा. तिसऱ्यानंतर जे उरेल ते सगळं शेरा, त्यात कितीही स्वल्पविराम असले तरी हात लावायचा नाही. सूत्रानं तोडलं की ३-५ हे ३-५ च राहतं. मला चार-पाच दिवस लागले. कंस उघडायचो तो मिटायचा राहायचा. मग एका दुपारी पहिल्या ओळीचे चार तुकडे नीट पडले आणि मी सूत्र खालपर्यंत ओढलं. बदकांचे आकडे भराभर उतरत गेले. मी उठून पाणी प्यालो. वहिनींना काय लिहायचं, त्याची पहिली ओळसुद्धा मनात तयार झाली.

सूनबाईनं संध्याकाळी तक्ता पाहिला. खाली, आणखी खाली गेली.

"बाबा, हे बघितलंत का?"

शेवटच्या वर्षांत संख्येच्या रकान्यात आकडे नव्हते. चुकीची खूण होती, प्रत्येक खान्यात, तळापर्यंत.

"माझं सूत्र चुकलं असणार," मी म्हणालो.

"सूत्र बरोबर आहे. मूळ ओळच बघा ना."

तिनं ती उघडली. इथली अक्षरं मास्तरांनी भलीमोठी करून ठेवली होती. तारीख होती. जागा होती. आकड्याच्या जागी मास्तरांनी लिहिलं होतं: नेहमीइतकी. पुढच्या ओळीत, नेहमीइतकी. त्याच्या पुढच्याही.

"नेहमीइतकी म्हणजे किती?"

"म्हणजे… रोज असतात तितकी."

"बाबा, सूत्राला रोजचं काय कळणार? त्याला आकडा लागतो."

दिसत नाही असं मास्तर मला कधी म्हणाले नव्हते. मी आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे पुस्तक घेऊन जायचो आणि ते म्हणायचे, तूच वाच, तुझा आवाज बरा आहे. मी वाचायचो. मला ती आवड वाटायची.

"त्यांच्या बायकोला विचारा की. त्या बरोबर असायच्या ना?"

"त्या पायांकडे बघायच्या."

सूनबाई तक्त्यात पुन्हा वर गेली. मग हळूच म्हणाली, "आधीच्या वर्षांची सरासरी काढून भरता येतं. एक सूत्र लिहायचं आणि खाली ओढायचं. कुणाला कळणार आहे?"

"करून दाखव."

तिनं केलं. रकाना भरला. इतका गोजिरा तक्ता मी पाहिला नव्हता. बदकं दर वर्षी यायची तशी आली होती, थंडीत जास्त, पुढे कमी. मी बघत बसलो. छापखान्यात मी कुणाच्या मजकुरात पदरचं वाक्य घातलं नाही. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह करायचो आणि लेखकाला विचारायचो. इथं विचारायला कुणी नव्हतं.

"पुसून टाक," मी म्हणालो.

"बाबा, तळं बुजवतील."

"हो."

ते मी तत्त्वाला धरून म्हणालो की पकडलं जाण्याच्या भीतीनं, हे मला आजही सांगता येत नाही. भीतीचाच वाटा मोठा असावा.

कचेरीतला कारकून सभ्य होता. त्यानं तक्ता दोनदा चाळला. "काका, जुनं सगळं उत्तम आहे. पण नेमकी शेवटची वर्षं रिकामी आहेत."

"माणूस रोज जात होता. त्यांचे डोळे…" मी बोटानं तारखांचा रकाना दाखवला.

"मी समजू शकतो. पण नुसतं गेल्याचं लिहायला रकाना नाही हो." त्यानं तक्ता मला परत दिला. "अपूर्ण म्हणून परत, असा शेरा मारावा लागेल."

सुनावणीत कुणी मास्तरांचा उल्लेख केला नाही. मी मागच्या बाकावर तक्ता मांडीवर घेऊन बसलो होतो. बोलायला हात वर केला, तेव्हा पुढचा विषय सुरू झाला होता. महिन्याभरात मुरमाचे ट्रक लागले. तिसरा काठ सगळ्यात आधी गेला. मी एकदाच बघून आलो.

मग पत्राला बसलो. पहिल्या मसुद्यात लिहिलं की मास्तरांच्या नोंदींची कचेरीत फार वाखाणणी झाली. फाडला. दुसऱ्यात लिहिलं की निर्णय अजून व्हायचाय. तोही फाडला. सूनबाई भाजी निवडत माझ्याकडे बघत होती.

"वाचा बघू."

मी वाचलं. "वहिनी, तळं वाचलं नाही. मास्तरांच्या आधीच्या नोंदी चांगल्या होत्या, पण कचेरीला शेवटची वर्षं हवी होती आणि त्यांत आकडे नाहीत. त्यांचा उपयोग झाला नाही. मी प्रयत्न केला, तोही अपुरा पडला. उत्तराला उशीर झाला."

"एवढंच? अहो, म्हातारं माणूस ते. काहीतरी बरं लिहा ना शेवटी."

"काय लिहू?"

तिनं विचार केला. हातातली शेंग मोडली, दोरा काढला, पुन्हा विचार केला. "सुचत नाही," ती म्हणाली.

मी खाली नाव घातलं, पाकीट चिकटवलं. चौकातल्या पेटीपाशी थोडा वेळ उभा राहिलो. मागे एक बाई पत्र घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, टाकताय ना?" मी टाकलं आणि बाजूला झालो.