तात्यांच्या फ्लेक्समागचा सिग्नल

मित्रांनो, मी लासुर्ण्याजवळच्या चौकातला एक जुना सिग्नल आहे. आधीच सांगून टाकतो, मी भारी भित्रा आहे. हसू नका. माझ्या जागी तुम्ही असता, तर तुमचीही पाचावर धारण बसली असती.

पहिली सात वर्षं मी घड्याळावर चाललो. गाडी असो नसो, तीस सेकंद लाल, तीस सेकंद हिरवा. मग प्राचीताई नावाच्या इंजिनिअर आल्या आणि त्यांनी चार रस्त्यांसाठी मला चार कॅमेरे बसवले. रांग बघायची, हिरवा द्यायचा, रांग किती घटली ते पुन्हा बघायचं आणि त्यावरून पुढचा हिरवा ठरवायचा. चव बघत बघत आमटीत मीठ घालावं, तसं काम! उसाच्या ट्रॅक्टरला मी जरा जास्त वेळ देऊ लागलो. माझ्या पायाशी पेरू विकणाऱ्या कुशाबाई म्हणाल्या, "शाना झाला की गं ह्यो खांब!" मी अगदी फुलून गेलो.

पुढं बिनचालकाच्या गाडीची चाचणी सुरू झाली. तिला स्वतःचे डोळे होते, पण कोपऱ्यावरच्या उभ्या उसापलीकडचं तिला दिसत नसे. म्हणून ती वायरलेसवरून मला विचारायची, "रस्ता मोकळा आहे?" मी हो म्हटलं की बिनधास्त यायची. आत प्राचीताई बसलेल्या असायच्या. माझ्या एका शब्दावर एक जीव! तेव्हापासून माझी झोप उडाली.

अशातच गावचे पुढारी असलेल्या हिंदुराव तात्यांची एकसष्टी आली. कार्यकर्त्यांनी शिडी लावली आणि शुभेच्छांचा भलाथोरला फ्लेक्स माझ्या खांबाला आवळून बांधला. लासुर्ण्याकडचा माझा डोळा तात्यांच्या फेट्यामागे गेला.

"आरं, त्याचा डोळा झाकला!" कुशाबाई ओरडल्या.

"तात्यांचा फ्लेक्स हाय, मावशी. त्याला हात कोण लावणार?" म्हणत मंडळी निघून गेली.

खरंच, कुणीच हात लावला नाही. मला सगळं कळत होतं हो, पण डोळे दाखवतील तेवढंच मला करता नि सांगता येतं. त्या डोळ्याला एकही गाडी दिसेना, म्हणून तिकडचा रस्ता रिकामा धरला गेला आणि तिकडं हिरवा मिळेना. रांग वाढली. हॉर्नचा नुसता कल्लोळ! सगळ्यात पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन इंद्रजित ट्रॅक्टरवर ताटकळला होता. पाव तासानं त्याचं डोकं फिरलं.

"च्यायला, सिग्नल मेलाय ह्यो!" म्हणत त्यानं लाल दिव्यातच ट्रॅक्टर घातला.

त्याच क्षणी आडव्या रस्त्यावरून त्या बिनचालकाच्या गाडीनं विचारलं, "रस्ता मोकळा आहे?"

मला 'थांब' म्हणायचं होतं. देवाशप्पथ, म्हणायचं होतं! पण माझ्यातून गेलं, "मोकळा आहे, ये."

गाडी सुसाट निघाली. काचेतून प्राचीताईंचा चेहरा दिसला, हातातल्या कागदात बघत होत्या. मला ओरडता येत नाही, हलता येत नाही. माझे दिवे तेवढे थरथरले.

कुशाबाईंनी पेरूंनी भरलेली पाटी उचलली आणि धाडकन गाडीपुढं रस्त्यावर फेकली. घरंगळणारे पेरू गाडीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले. ब्रेक किंचाळले. ट्रॉली गाडीच्या नाकासमोरून वीतभर अंतरानं गेली. प्राचीताई खाली उतरल्या आणि तशाच रस्त्यावर बसल्या.

तासाभरात तात्या स्वतः आले. चिरडलेले पेरू बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी इंद्रजितकडचा कोयता मागून घेतला, शिडीवर चढले आणि स्वतःच्या फोटोच्या दोऱ्या सपासप कापल्या.

"माझ्या एकसष्टीला कुणाचा दहावा घालताय व्हय रं?" ते कार्यकर्त्यांवर कडाडले.

डोळा उघडला. समोर रांग दिसली. मी आधी तिला हिरवा दिला.

पण भीती गेलेली नाही, मित्रांनो. काल दोन अनोळखी माणसं सुतळीनं माझ्या खांबाचं माप घेऊन गेली. दुसऱ्या कुणाचा तरी पन्नासावा वाढदिवस आहे म्हणे. शिडी लागेल तेव्हा तुम्ही जवळपास असलात, तर एवढं ओरडून सांगा, की वर डोळा आहे. कुशाबाईंची पाटी दुपारपर्यंत रिकामी होते.