मधला कागद

ट्यूबच्या तोंडाशी आलेलं वाटाण्याएवढं पांढरं मलम... ते आज बोटावर घ्यायचं नव्हतं. सोबतच्या कागदी पट्टीवर घ्यायचं, पट्टी बाबांच्या छातीवर दाबायची, चिकटवायची, झालं. कालच नर्सनं त्याची चांगली हजेरी घेतली होती.

"उघड्या बोटानं लावता? आणि वर मलाच विचारता डोकं का ठणकतं! अहो, हृदयाचं औषध आहे ते. कातडीतून आत जातं... वडिलांच्या जातं, तसं तुमच्याही."

त्याला हसूच आलं होतं. सारी उमर सलूनमध्ये गेली, कुणाकुणाचे गाल या हातांखालून गेले, आणि कातडी म्हणजे त्याच्या लेखी वस्तऱ्यापासून सांभाळायची वस्तू, बस्स. ती अशी गुपचूप सगळं आत घेते, थेट काळजापर्यंत पोचवते — काय अजब चीज आहे ही! म्हणजे गिऱ्हाइकाच्या मानेवर वाकताना रोज कपाळात ठणकायचं ते बाबांचं औषध होतं तर. एकाच बोटावरून दोघांच्या अंगात उतरलेलं.

पण आता बोटच नाही म्हटल्यावर... दगड फोडण्यात हयात घालवलेल्या या माणसानं त्याला कधी जवळ घेतलं नव्हतं. 'लोकांच्या दाढ्या करून पोट भरणार?' म्हणून एकदा जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. स्वतःची दाढी स्वतःच करत राहिले, मुलाच्या खुर्चीत एकदाही बसले नाहीत. छातीला हात लावू दिला तो या मलमापायी. त्या रुंद छातीतली धडधड बोटांना लागली तेव्हा कुठे कळलं, की मला ह्यांचा राग नाहीच, कौतुक आहे — केवढे दगड उचललेत ह्या छातीनं! आणि आता मध्ये कागद.

त्यानं पट्टी चिकटवली.

"हात का नाही लावलास?" बाबांनी डोळे मिटूनच विचारलं.

"तुमचं औषध माझ्या अंगात जातंय म्हणे. डोकं दुखतं त्यानं."

"मग आधी बोलायचं ना, गाढवा."

मग गालावरच्या खुंटांवरून हात फिरवत, छताकडे बघत म्हणाले, "दाढी वाढलीय. तुझं सामान... आणतोस का इकडे?"

फेस लावताना त्याची बोटं गालावर टेकली. उन्हात रापलेली, जाड कातडी... हीसुद्धा घेत असेल का काही आत? त्याचं डोकं आज हलकं होतं. इतकं, की त्या ठणक्यावाचून त्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. वस्तरा बाजूला उघडा पडला होता, आणि फेस केव्हाच पुरेसा झाला होता, तरी तो बोटं फिरवत राहिला...