डबा वाजल्यावर

सासूबाई गेल्या आणि त्यांचा पोपट आमच्याकडे आला. मी घरीच कपडे शिवते, म्हणून पिंजरा मशीनशेजारी ठेवला. पायडल हललं की मेला पिंजरा डोक्यावर घ्यायचा. हात पुढे केला की चोच. सुईने टोचली नसतील इतकी भोकं त्याने माझ्या बोटांना पाडली.

बोलायचा मात्र सासूबाईंच्या आवाजात. सूर्यफुलाच्या बियांचा डबा खुळखुळला की, "आलास का रे? जेवून घे." आमचे हे जेवता जेवता थांबायचे. आई गेली तेव्हा टिपूस न गाळलेला माणूस, पण डबा वाजला की डोळे भरायचे.

पुढे पोपटाची पिसं झडायला लागली, धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, "यकृतावर चरबी चढलीय. नुसत्या बियांवर वाढलाय हा. बिया हळूहळू कमी करा, भाज्या द्या. नाहीतर हातचा जाईल."

मी गाजर किसलं, ढोबळी मिरची चिरली. त्याने सगळं माझ्या शिवायच्या कापडावर भिरकावलं. बिया कमी करूनही धाप काही कमी होईना, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे चोरून डबा वाजवून त्याला बिया चारत होते.

"अहो, जीव घ्यायचाय का त्याचा?"

"डबा वाजल्याशिवाय आई बोलत नाही गं."

"आई नाहीये ती. आजारी पोपट आहे."

बोलून गेले आणि माझंच मला वाईट वाटलं. त्यांनी डबा माझ्या हातात दिला.

मग मी दुपारी मशीन बंद करून पिंजऱ्याशी बसायला लागले. त्याच्या देखत गाजर खायचे आणि म्हणायचे, "घे की मेल्या, किती भाव खाशील?" चार बिया मुठीतून द्यायचे, डबा अजिबात न वाजवता. आधी त्याचं चोच मारणं थांबलं. मग एक दिवस माझ्या बोटावर पाय ठेवून त्याने गाजराचा तुकडा ओढून घेतला. मला रडूच आलं. हळूहळू धाप गेली, पिसंही भरली.

काल ह्यांनी विचारलं, "एकदाच वाजवू? खायला नाही देणार."

मी मानेनेच हो म्हटलं. डबा खुळखुळला. पोपटाने मान तिरकी केली आणि माझ्या आवाजात म्हणाला, "घे की मेल्या, किती भाव खाशील?"

ह्यांनी पुन्हा वाजवला. पुन्हा तेच.

"बरा झाला म्हणायचा," हे म्हणाले. डबा फळीवर ठेवला आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून उभे राहिले.