चादरीचं दुसरं टोक

व्हर्लिन कुबिचेक मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी घडीच्या टेबलापाशी मेला आणि बुधवारी सहाला कामावर हजर झाला. एक दिवस बुडवला नाही. शनिवारी त्याला पुरलं, तेव्हा मालकीणबाईंनी, म्हणजे मार्लिसने, लाँड्रीतल्या आम्हा सगळ्यांना अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. व्हर्लिनने ती घेतली नाही. आम्ही चर्चमधून परत आलो तर ऐंशी अभ्रे घड्या करून रचलेले होते. अभ्रे एकट्याला जमतात. चादरीला दोघं लागतात, म्हणून चादरी त्याने माझ्यासाठी ठेवल्या होत्या.

आमच्या ब्रॅनॉक गावात अकराशे माणसं आहेत आणि तीन जिल्ह्यांतल्या इस्पितळांच्या नि मोटेलांच्या चादरी इथे धुतल्या जातात. घडी घालायचं यंत्र चार वर्षांपूर्वी बंद पडलं. ते दुरुस्त करणारा लिंकन शहरातून यायचा. तो आता येत नाही, कारण त्याला हाताखाली माणूस मिळत नाही. त्यामुळे एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला व्हर्लिन, अशी आमची जोडी होती. तो एकाहत्तर वर्षांचा, मी तेवीसची. बोलणं जवळजवळ नाहीच. चादरीला दोन हिसके म्हणजे "तयार?" आणि एक हिसका म्हणजे "तुझी बाजू वाकडी आहे."

त्या बुधवारी मी एकटी उभी होते. माझ्याकडची दोन टोकं उचलली आणि पलीकडची दोन आपली आपण वर आली. कापडावर बोटांचे खळगे उमटले होते, उजव्या हाताची चार आणि अंगठा, डाव्या हाताची तीन आणि अंगठा. डाव्या हाताचं चौथं बोट त्याने अठ्ठ्याऐंशी साली इस्त्रीच्या रोलरला दिलं होतं. मग दोन हिसके बसले. मी किंचाळले. त्यावर एक हिसका बसला. मी बाजू सरळ केली.

सवय कशाचीही होते. बॉयलरमुळे आमच्याकडे बाराही महिने घाम निथळतो, पण व्हर्लिनच्या टोकाकडून फ्रीझरचं दार उघडं राहिल्यासारखं गार यायचं. जुलैत सगळे त्याच्या बाजूला बसून डबा खायला लागले. वाईट एवढंच वाटायचं की घडी घालताना शेवटी दोघांना जवळ यावं लागतं, टोकाला टोक मिळवायला. दिवसातून चारशे वेळा माझी बोटं त्या खळग्यांना टेकायची. घरी गेल्यावरही हात गरम व्हायला तासभर लागायचा. हळूहळू मी रविवारीसुद्धा पाचला उठायला लागले. का, ते मला सांगता येत नव्हतं. उठून अंधारात मोजे घालून बसायचे.

मार्लिसला मात्र पुन्हा पालवी फुटली. दारावर तिची पाटी गेली तीन वर्षं होती: "माणसं हवीत. कामाला येणारी." ताशी साडेबारा डॉलर. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर सोळा मिळतात, म्हणून येणारी माणसं पंपावर जात. पाटीखाली आता तिने एक ओळ वाढवली: "आमच्याकडे मेलेला माणूस वेळेवर येतो. तुम्ही?"

आमच्याकडे गाडी चालवणारा लेलंड सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. त्याला खोकला झाला, की मार्लिस त्याच्याकडे नव्या लावलेल्या रोपाकडे बघावं तशी बघायची.

आठ महिने असे गेले. मग एके दिवशी दुपारी अडीचला कामाची पाळी संपवून मी बाहेर आले, तर माझ्या गाडीला टेकून व्हर्लिनची बायको आर्डिथ उभी. चर्चचा कोट, पायात बागेतले रबरी बूट.

"तू मॅलरी ना? माझ्या नवऱ्याबरोबर असतेस ती?"

मी म्हटलं, "फक्त सहा ते अडीच."

"कसा आहे?"

"कामात आहे."

"ते तो बेचाळीस वर्षं होता." तिने नाक पुसलं. "लोकांचे नवरे मेल्यावर घरी येतात गं. जिना वाजवतात, कपाटं उघडी टाकतात. पलीकडच्या बर्निसचा तर अजून खोकतो. मी आठ महिने मागचं दार उघडं ठेवून बसलेय. घरात रानातले दोन रॅकून शिरले. आणि हा मेला तरी कामाला जातो!"

"मार्लिसला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाली, शिकारीचा हंगाम संपू दे, मोटेलं भरलेली आहेत. त्याला सोडव, मॅलरी. मला तो दिसला नाही तरी चालेल, पण तो त्या टेबलापाशी नको. तिथेच मेला तो. रोज तिथेच जाऊन उभा राहतो."

मी दिवसातून चारशे वेळा त्याच्या हाताला हात लावत होते आणि हा विचार मला एकदाही शिवला नव्हता.

"नोटीस न देता गेला ना, तेच त्याला खातंय," आर्डिथ म्हणाली. "दोन आठवडे आधी न सांगता काम सोडणाऱ्याला तो काय काय म्हणायचा! त्याच्या सख्ख्या भाच्याशी तो सहा वर्षं बोलला नव्हता त्यापायी."

ते पटण्यासारखं होतं. मी त्या संध्याकाळी त्याच्या वतीने नोटीस लिहिली. आजपासून दोन आठवड्यांनी मी काम सोडत आहे, आपला विश्वासू, वगैरे. सकाळी कागद टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं आणि त्याच्या टोकाला म्हटलं, "व्हर्लिन, फक्त सही करा. बाकीचं मी बघते."

पेन हललं नाही. कागद वर उचलला गेला. जरा वेळ हवेत राहिला. मग त्याची तीन पदरी घडी झाली, कडेला कड अशी मिळालेली की पात्यासारखी धार आली, आणि तो हातरुमालांच्या ढिगावर जाऊन बसला.

दोन हिसके.

मग मी मार्लिसच्या वरच्या खोलीत गेले. ती अर्जांची फाइल चाळत होती. फाइलमध्ये एक अर्ज होता, गेल्या वर्षीचा.

"मार्लिस, व्हर्लिनला सोडा. आणि पगार वाढवा. सतरा दिलेत तर माणसं येतील."

"सतरा! आजकाल कोणाला काम करायचंच नाहीये, मॅलरी. पैसे वाढवले की फक्त महाग आळशी येतात. व्हर्लिनला मी काय देते? काही नाही. त्याची काही तक्रार आहे?"

"तो मेलाय."

"प्रत्येकाकडे काही ना काही कारण असतंच." तिने चष्मा काढला. "माझ्या वडिलांनी ही लाँड्री चालवली तेव्हा दारावर पाटी लावावी लागत नव्हती. तो एकटाच उरलाय त्या काळातला. त्यालाही सोडू?"

हे ती खरं बोलत होती. डोळे ओले होते. त्यामुळे मला जास्त राग आला.

"मग मीही पंपावर जाते. पलीकडचं टोक आहे तुमच्याकडे, अलीकडचं कोण धरेल?"

मार्लिसने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. बराच वेळ.

"तुझी तब्येत कशी असते गं हल्ली?" ती म्हणाली.

मी तिथून जी निघाले ती थेट आर्डिथच्या घरी. सगळं सांगितलं. तिने मला कॉफी दिली आणि जर्दाळू भरलेले गोड पाव पुढे केले, ज्यांना इथे कोलाचे म्हणतात. बराच वेळ ती टेबलक्लॉथच्या चुण्या बोटाने पाडत होती.

"समोरून घडी तू घालतेस ना? नीट घालतेस?"

"सुरुवातीला नाही यायची. आता त्याच्यासारखीच येते."

"तिथेच तर चुकतंय," आर्डिथ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती लाँड्रीत आली. तोच कोट, तेच बूट. मला म्हणाली, "हो बाजूला," आणि माझी दोन टोकं तिने हातात घेतली. पलीकडची टोकं वरच होती. ती किंचित थरथरली. गार वारा आला, तिच्या कपाळावरचे केस हलले.

"ओळखलंस ना?" ती म्हणाली. "चल मग."

दोन हिसके. आर्डिथने काय केलं असेल? तिने चादरीचा बोळा केला. म्हणजे घडीच, पण एक कोपरा आत, एक बाहेर, मधे फुगा. मी आजवर असला प्रकार पाहिला नव्हता. एक हिसका बसला. तिने लक्ष दिलं नाही. आणखी एक. मग एकामागून एक असे बसले, की टेबल हललं.

"माझ्या घड्या तुला कधी पटल्या? बेचाळीस वर्षं माझ्या मागे उभा राहून सगळं उलगडून परत घालायचास," आर्डिथ म्हणाली. तिने तो बोळा छातीशी धरला आणि दाराकडे चालू लागली.

चादरीचं एक टोक तिच्या काखेतून सुटून मागे ताणलं गेलं. जमिनीला टेकत नव्हतं. टेबलापासून दारापर्यंत ते हवेत आडवं होतं, आणि खळगे एकेक पाऊल पुढे येत होते.

"ती इस्पितळाची चादर आहे!" मार्लिस वरून ओरडली. "आर्डिथ, ही चोरी आहे!"

"पगारातून कापून घे त्याच्या!" आर्डिथ न वळता म्हणाली.

आम्ही सगळे बाहेर येऊन उभे राहिलो. ती मेन स्ट्रीटवरून गेली, बँकेसमोरून, धान्याच्या कोठारासमोरून, आणि तिच्या मागे तीन हात अंतरावर पांढरं कापड तरंगत चाललं होतं, ओढ खात. वारा नव्हता. न्हाव्याने गिऱ्हाईक अर्धवट टाकून टोपी काढली. कोपऱ्यावर ती वळली, मग कापड वळलं.

आत आलो तर लाँड्री सगळीकडे सारखीच गरम झाली होती. मी माझी टोकं उचलली. पलीकडची जमिनीवर पडून राहिली. जरा वेळाने मार्लिस खाली आली आणि तिने ती उचलली. तिला येत नव्हतं. तिच्या वडिलांनी तिला कधी टेबलापाशी उभं केलंच नव्हतं. मी एक हिसका दिला, पुढच्या चादरीला आणखी एक. अकरा वाजता तिच्या मनगटात पेटका आला. दुपारी ती म्हणाली, "सोळा." मी म्हटलं, "सतरा." पाटी बदलल्यावर आठवड्यात तिघंजण आले, त्यातले दोघं पंपावरचेच.

पुढच्या रविवारी मी आर्डिथकडे गेले. मला वाटलं होतं, सुटला बिचारा. पण तिच्या व्हरांड्यात कपड्यांनी भरलेल्या अकरा टोपल्या होत्या. बर्निसच्या, पाद्रीबाईंच्या, बँकेतल्या माणसाच्या. गावाला कळलं होतं, की व्हर्लिन घरी रिकामाच आहे. आणि रस्त्यावर आमच्या लाँड्रीची गाडी उभी होती. लेलंड मान खाली घालून आत बसला होता. मागे सहा पोती चादरी.

आर्डिथ दारातच उभी होती, हातात झाडू. डोळे खोल गेलेले.

"काल मी झोपलेली असताना अंगावरची चादर काढून घडी घातली याने," ती मला म्हणाली. "घरी आला, पण पाळी संपत नाही. लेलंड! ने ती पोती परत!"

"मार्लिस म्हणाली, त्याला आवडतं," लेलंड म्हणाला. त्याला खोकला आला आणि त्याने तो घाईघाईने गिळला.

"त्याला काय आवडतं ते अजून कोणी त्याला विचारलेलंच नाही. ने!"

लेलंड गेला. मग आम्ही दोघींनी टोपल्या एकेकाच्या दारात नेऊन ठेवल्या. बर्निस म्हणाली, "शेजारधर्म म्हणून काही राहिला नाही." आर्डिथ म्हणाली, "नाही राहिला." परत आल्यावर तिने घरातलं उरलेलं कापडही बाहेर काढलं. पडदे, टेबलक्लॉथ, टॉवेल, जास्तीचे कपडे, सगळं माझ्या गाडीत भरलं, चर्चला देऊन टाक म्हणाली. खिडक्या उघड्या पडल्या. बिछान्यावर नुसती गादी. तिच्या अंगावर होतं तेवढंच कापड घरात उरलं, आणि ते तिने दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवलं.

मग ती व्हरांड्यातल्या खुर्चीत बसली. तिथे प्लास्टिकच्या पट्ट्या विणलेल्या तीन खुर्च्या होत्या. एकीवर मी बसले. मधली मोकळी होती.

बराच वेळ आत काहीतरी फिरत होतं. कपाटाचा एकेक खण उघडला, बंद झाला. वरच्या मजल्यावर गेलं, खाली आलं. मग जाळीचं दार हळूच ढकललं गेलं, आणि माझा उजवा दंड गार पडला.

"काही नाहीये रे," आर्डिथ म्हणाली. "सगळं संपलं. बस."

काहीच झालं नाही. समोरून एक ट्रॅक्टर गेला. मग मधल्या खुर्चीच्या पट्ट्या करकरल्या आणि मधोमध खोलगट झाल्या, अगदी सावकाश, जणू कोणी विचारून विचारून वजन टाकत होतं.

मी मान वळवायला लागले.

"तिकडे बघू नकोस," आर्डिथ ओठ न हलवता म्हणाली. "बघितलं की उठेल."

आम्ही दोघी समोर रस्त्याकडे बघत राहिलो.