हात पहिल्यांदा कधी उचलला

साहेबांनी ड्रायव्हरला मारलं ते भर दुपारी, बंगल्याच्या पोर्चमध्ये, गाडीच्या डिकीतल्या पान्यानं. कारण म्हणाल तर एवढंच, की ड्रायव्हरनं डावीकडचं दार उघडून धरलं होतं आणि साहेब उजवीकडे जाऊन उभे राहिले होते. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. ड्रायव्हर गुडघ्यांवर आला, त्यानं हात जोडले, आणि तिसरा फटका त्या जोडलेल्या हातांवरून सरळ डोळ्यात गेला. तो आडवा झाल्यावरही पाना वर जात राहिला आणि खाली येत राहिला. साहेबांच्या संरक्षणाला नेमलेला पोलीस फाटकाशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता. साहेबांना कुणी मारू नये, एवढंच त्याचं काम होतं.

समोरच्या इमारतीतून कुणीतरी मोबाइलवर हे टिपलं. चित्रणात साहेबांची पाठ, वर जाणारा हात आणि ड्रायव्हरचे पाय दिसत होते. अंधार पडायच्या आत ते घरोघरी पोचलं, आणि शहरात दोन तट पडले.

एका तटाचं म्हणणं, म्हाताऱ्याच्या डोक्यात बिघाड झालाय. पायात दोन वेगळे बूट घालून तो व्यासपीठावर चढला होता. शोकसभेत त्यानं मयताचंच नाव घेऊन त्याला पुढे बोलावलं होतं. दुसरा तट म्हणे, बिघाड कसला, माज आहे. बूट आयुष्यभर दुसऱ्यानं चढवले, नावं आयुष्यभर दुसऱ्यानं कानात सांगितली. ज्याला कधी मोठं व्हायची गरजच पडली नाही, तो म्हातारपणी पोरकटासारखा वागला तर त्यात नवल काय?

न्यायालयानं निवाड्याआधी तज्ज्ञ डॉक्टरचं मत मागवलं. आजार ठरला तर खटला तिथेच संपणार होता. साहेब औषधं घेत घरी बसणार, आणि लोकांची हळहळ गोळा करून येत्या निवडणुकीत त्यांची जागा मुलगा लढवणार. माज ठरला तर तुरुंग. डोळा गेलेला ड्रायव्हर सरकारी इस्पितळात पडून होता. जबडा तारांनी बांधलेला असतानाही त्यानं पोलिसांना जबाब दिला होता: साहेबांना भ्रम झाला होता, आपली काही तक्रार नाही.

राहता राहिल्या वहिनी. साहेबांच्या पत्नीला सगळं शहर वहिनी म्हणे, वयानं मोठे असलेलेसुद्धा. मारहाण झाली तेव्हा त्या पोर्चच्या दारात उभ्या होत्या, आणि डॉक्टर त्यांनाही विचारणार होती.

साहेबांच्या वकिलानं त्यांची उजळणी घेतली. राग केव्हापासून वाढला? गेल्या वर्षापासून. विसरणं केव्हापासून? गेल्या वर्षापासून. आधी कसे होते? शांत. या शब्दाशी वहिनी दर वेळी अडखळायच्या. शेवटी मुलगा जवळ येऊन बसला.

"आई, खोटं कुठे बोलायचंय? फक्त आधीचं काढू नकोस."

डॉक्टर आली ती एकटी, बारीक चणीची, साध्या चपला घालून. तिनं साहेबांसमोर खुर्ची ओढली आणि विचारलं, आज वार कोणता. साहेबांनी मान मागे वळवली. मागे उभ्या असलेल्या सचिवानं तोंड उघडलं. डॉक्टरनं सचिवाला बाहेर घालवलं आणि पुन्हा विचारलं. साहेब म्हणाले, त्याला बोलवा, वार तो बघतो.

मग तिनं दूध कसं तापवायचं ते विचारलं.

"सांगायचं."

"कुणाला?"

"असेल त्याला."

घराला कुलूप कसं लावतात? घराला कुलूप कशाला लावायचं, घरात माणसं असतात. मुलाचा फोन नंबर? फोन लावून देतात. डॉक्टर कागदावर खुणा करत होती, पण तिच्या कपाळावरची आठी काही जाईना. वहिनींकडे वळून ती म्हणाली, या परीक्षेत ह्यांना भोपळा मिळतोय, पण ऐन तिशीत घेतली असती तरी भोपळाच मिळाला असता. डोक्याचं काम ह्यांच्या घरानंच केलंय, मग डोकं बंद पडलं केव्हा ते कळायचं कसं?

बाईमाणसानं आपल्याला नापास केलं, एवढं मात्र साहेबांना बरोबर कळलं. त्यांचा चेहरा तांबडा झाला. टेबलावरचा जाड काचेचा पेला त्यांनी उचलला. डॉक्टर हाताच्या अंतरावर होती. तिच्या डोक्यावरून पेला गेला आणि पाणी घेऊन आलेल्या नोकराच्या कपाळावर फुटला. नोकर भिंतीला टेकत खाली बसला. बोटांमधून रक्त वाहत असतानाही त्यानं आधी हातातला तांब्या नीट जमिनीवर ठेवला. मुलगा म्हणाला, बघा डॉक्टर, शुद्ध नाही त्यांना. डॉक्टर नोकराच्या कपाळातल्या काचा काढत होती. ती वर न बघता म्हणाली, "नेम तर चांगला आहे."

मग तिनं वहिनींना आतल्या खोलीत नेलं आणि त्यांच्या डाव्या हाताला बसली. वहिनींनी सवयीनं मान फिरवून उजवा कान पुढे केला.

डाव्या कानानं ऐकू येत नाही का, असं तिनं विचारलं. वहिनी म्हणाल्या, लहानपणापासून नाही. डॉक्टरनं बॅटरी काढून कानात पाहिलं, बराच वेळ.

"पडदा फाटलाय. थपडेनं फाटतो तसा." तिनं बॅटरी विझवली. "मेंदूचा फोटो मी पाहिलाय. आजार आहे, त्यात शंका नाही. पण मला विचारलंय ते वेगळंच. त्या दुपारी आपण काय करतोय हे ह्यांना कळत होतं का? त्यासाठी मला आधीचं माहीत हवं. ह्यांनी हात पहिल्यांदा कधी उचलला?"

गेल्या वर्षी, हे शब्द वहिनींच्या जिभेवर तयार होते. त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. लग्नानंतरच्या तिसऱ्या महिन्यात, त्या म्हणाल्या. पाहुण्यांसमोर मी हसले म्हणून.

एकदा बांध फुटल्यावर त्या थांबल्या नाहीत. आवाज मात्र किराणा सांगावा तसा सपाट होता. ह्यांचं मारणं शिस्तीचं. आधी दार लावायचं, मग अंगठी आणि घड्याळ काढून आरशापुढे ठेवायचं, कारण अंगठीचा ओरखडा उठतो आणि ओरखडा लोकांना दिसतो. मग पाठीत, बरगड्यांवर, पोटात, पदराखाली झाकेल तिथे. कान फुटला ती चूक, मी मान वळवली म्हणून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसं. त्या कानासाठी ह्यांनी स्वतः डॉक्टर आणला होता. मी न्हाणीघरात पडले, असं त्याला मीच सांगितलं.

"आणि आजार?"

तोही खरा आहे, वहिनी म्हणाल्या. मला त्याचा दिवस माहीत आहे. मागच्या उन्हाळ्यात ह्यांनी मला मारलं ते अंगठी न काढता, आणि तेही तोंडावर. गाल फाटला. मी पदर लावून बसले होते, तर थोड्या वेळानं हेच आत आले, रक्त बघून हादरले आणि म्हणाले, कुणी मारलं तुला? मी गप्प. तेव्हा ह्यांनी पहारेकऱ्याला बोलावलं आणि त्यानंच मारलं असणार असं ठरवून टाकलं. पोलिसांनी त्याला मागच्या आवारात नेलं. त्याचे तळवे फोडले, बोटं मोडली. त्याच्या किंकाळ्या घरभर ऐकू येत होत्या आणि हे माझा हात हातात घेऊन बसले होते. इतक्या प्रेमानं ते कधीच बसले नव्हते. मी बोलले असते तर पहारेकरी वाचला असता.

बाहेर नोकर फरशीवरच्या काचा झाडत होता.

"त्यानंतर ते असे बेसावधच मारत आले. लोकांदेखत, तोंडावर, हाताला लागेल त्यानं. आजार मारायला शिकवत नाही हो, डॉक्टर. आजारानं फक्त लपवायचं विसरायला होतं."

"म्हणजे ड्रायव्हरच्या वेळीही आजारच."

मुलाला काय वाटेल, हे वहिनींना माहीत होतं. आपण उद्या कुठे असू, हे माहीत नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्या दुपारी ह्यांनी पोलिसाला फाटक लावायला सांगितलं. मग अंगठी काढली, घड्याळ काढलं, माझ्या हातात दिलं. मी घेतलं. ज्या माणसानं गाडीचं दार कधी स्वतः उघडलं नाही, त्यानं डिकी उघडली. एक पाना उचलला, हातात तोलून बघितला, परत ठेवला. मग दुसरा घेतला, जड. त्या दिवशी हे अगदी पूर्वीसारखे होते. मी ओळखलं ना त्यांना."

डॉक्टरनं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि वहिनींनी सही केली.

दार उघडलं तर मुलगा दारातच होता. तो कागदाकडे आला. वहिनी मधे उभ्या राहिल्या. त्यानं त्यांचं मनगट धरलं, आधी नुसतं बाजूला सारण्यासाठी, आणि मग पिरगळलं. त्याच्या तोंडून एकच वाक्य येत होतं, माझं काय, आई, माझं काय. मनगटात काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. आईच्या तोंडून हुंकारही निघाला नाही हे पाहून तो चिडला आणि त्यानं तिला भिंतीवर ढकललं. डोकं आपटलं. दिवाणखान्यातून साहेब हे सगळं पाहत होते, आणि डॉक्टरला वाटलं, ते हसले.

डॉक्टरनं कागद पिशवीत घातला, वहिनींना काखेत हात घालून धरलं आणि फाटकाबाहेर काढून आपल्या छोट्या गाडीत बसवलं. पोलीस या वेळीही रस्त्याकडेच बघत होता. गाडी वळणावर गेल्यावर तिनं विचारलं, मुलाचं वय काय?

"चाळिशी झाली."

"मेंदूचा काही आजार?"

वहिनींना हसू फुटलं, आणि त्या हसण्यानं मनगटातून अशी कळ गेली की त्यांनी ओठ चावला.

सरकारी इस्पितळात हाताला प्लास्टर झालं. ड्रायव्हर वरच्याच मजल्यावर आहे हे त्यांनी विचारून घेतलं, आणि गळ्यात हात अडकवून त्या जिना चढल्या. त्याच्या चेहऱ्याचा अर्धा भाग पट्टीत होता, उरलेला अर्धा सुजून निळा झालेला. तारांमधून शब्द बाहेर काढताना त्याची लाळ गळत होती. बायको ती पुसत होती. वहिनींना पाहून तिनं तोंड फिरवलं.

ड्रायव्हरनं मात्र ओळखलं आणि उठायची धडपड केली. साहेब कसे आहेत, त्यानं विचारलं. जेवण घेतात का? मी नाही तर गाडी कोण चालवतं? वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांना काही बोलावं लागलं नाही, तोच बोलत राहिला. माझ्या लग्नाच्या आधीपासून मी साहेबांकडे. माझी पोरं त्यांच्या आवारात वाढली. सगळे म्हणतात, खटला लढ. मी म्हणतो, दुखण्यानं केलं ते. दुखण्यावर कसला खटला? असं म्हटलं की मला झोप लागते.

मग त्यानं त्यांचं प्लास्टर पाहिलं. उरलेला एक डोळा प्लास्टरवरून हलेना.

"वहिनी, एवढंच सांगा. साहेबांना कळत नव्हतं ना? मी समोर आहे, हे कळत नव्हतं ना त्यांना?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर त्याला झोप लागली असती, आणि उद्या न्यायालयात त्याचाच जबाब त्यांच्या सहीवर पाणी फिरवायला उभा राहिला असता. पण वहिनींनी न्यायालयाचा विचार केला असं म्हणता येणार नाही. पुढे त्या एकदाच म्हणाल्या, की तो विचारत होता तसंच मीही विचारलं होतं, तेव्हा मला कुणी खरं सांगितलं असतं, तर मी त्या तिसऱ्या महिन्यातच माहेरी परत गेले असते.

"कळत होतं," त्या म्हणाल्या. "हलका पाना त्यांनी परत ठेवला."

ड्रायव्हरनं डोळा मिटला. छाती वरखाली होत राहिली. तारांमागून एक आवाज येत राहिला, तो रडण्याचा की शिवीचा, ते कळायला मार्ग नव्हता. बायको त्याच्यावर ओणवी झाली, मग वहिनींकडे वळली आणि तिनं सारी ताकद लावून त्यांच्या थोबाडीत मारली. वहिनींनी मान वळवली नाही.

बऱ्याच वेळानं ड्रायव्हरनं हातानं बायकोला बाजूला केलं.

"पोलिसांना बोलाव," तो म्हणाला. "मला जबाब बदलायचाय."