पाय लागला

सव्वादहाला कुंदाताई दगडाला हात लावायला वाकली, आणि अकरा वाजले तरी ती अजून सरळ होत होती. तिची बोटं दगडापासून सुटली होती. श्रीरंगनं मधून प्रवेशपत्राचा कागद सरकवून पाहिला, तो सरकला. हात कपाळाकडे निघालेला होता, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

"चालायचंच," बागुल म्हणाले. "आमच्या हिलाही लग्नाला निघायचं म्हटलं की एवढाच वेळ लागतो."

"गप्प बसा हो," बागुलबाई म्हणाल्या.

बोर्निओच्या जंगलातली ही गुहा पाहायला ते चौघे त्या दिवशी सकाळी होडीनं आले होते. श्रीरंग केळुस्कर, त्याची थोरली बहीण कुंदाताई आणि हॉटेलात ओळख झालेलं नाशिकचं बागुल जोडपं. गाइड लियान त्यांना दोन तास जंगलातल्या लाकडी फळ्यांवरून घेऊन चालला. ताईनं सँडलच घातल्या होत्या, त्यामुळे तिच्या पायांच्या बोटांमधल्या जळवा काढण्यात पंधरा मिनिटं गेली. ताईला गुहेचं काही नव्हतं. तिला श्रीबरोबर एकदा कुठंतरी लांब जायचं होतं.

हेल्मेटवरचे दिवे लावून आत शिरताना लियाननं सोप्या इंग्रजीत एकच नियम सांगितला. बूट लागला तर लागू दे, पण हात लावायचा नाही. हाताला तेल असतं. तेल लागलं की दगड वाढायचा थांबतो.

आतल्या दालनाच्या तोंडाशी जमिनीतून गुडघाभर वर आलेला एक दगड होता. श्रीरंगचा बूट त्याला लागला.

"श्री, पाय लागला," ताई म्हणाली.

"लागू दे. हात लावायचा नाही म्हणालाय तो."

"तू नको लावूस. तुझ्यावतीनं मी लावते."

लहानपणीही हेच चालायचं. श्रीचा पाय पुस्तकाला लागायचा, केरसुणीला लागायचा, वाढलेल्या ताटाला लागायचा. तो हट्टानं तसाच उभा राहायचा आणि ताई वाकून हात लावायची, बोटं कपाळाला न्यायची. ताई लग्न होऊन गेली त्या वर्षापासून त्याचा हात आपोआप खाली जायला लागला. आजही तो निघाला होता. नियम आठवून श्रीरंगनं तो खिशात घातला, तोवर ताई वाकली होती.

"तुमच्याकडची माणसं आली की हे होतं," लियान म्हणाला. तो रागावलेला नव्हता.

"किती वेळ लागेल तिला?"

"हा दगड बोटभर वाढायला शंभर वर्षं घ्यायचा. आता ती घेईल."

"आणि दगड?"

लियाननं उजेड दगडावर धरला. ताईच्या हाताला चुकवून दगड बाजूनं वर चढला होता आणि श्रीरंगच्या कमरेला आला होता.

तो शनिवार होता. निघताना विमानतळावर भाची म्हणाली होती, "मामा, सोमवारी आई घरी पाहिजे हं मला." परतीचं विमान रविवारी दुपारचं होतं.

"तिला हात लावू नका," लियान म्हणाला. म्हणून श्रीरंगनं तिच्या पाठीवरच्या सॅकचा एक पट्टा ओढला आणि बागुलांनी दुसरा. दोन्ही पट्टे तुटले. दोघं चिखलात बसले. ताईच्या कानातली कुडीही हलली नाही.

"मग मी दगडाला हात लावतो," श्रीरंग म्हणाला. "होऊ दे परत उलट."

"त्याच्याकडे आता तिचा वेग आहे. तुमच्याकडेही तोच आहे. त्याच्याकडून घ्यायला काही उरलेलं नाही."

छतावरून पडणारा थेंब ताईच्या भांगात पडत होता. साडेबारापर्यंत तिथं पांढरी रेघ उमटली. श्रीरंगनं रुमालानं ती पुसली, तेव्हा रुमाल खरखरीत कडेला अडकून फाटला.

"त्यांना ऐकू येतं का आपलं?" बागुलबाईंनी विचारलं.

"येत असेल. डास गेल्यासारखं," लियान म्हणाला.

बागुलबाई तरीही ताईच्या कानाशी वाकल्या आणि खूप सावकाश म्हणाल्या, "घा-ब-रू न-का हं."

एकच्या सुमाराला दगड छताला टेकला आणि आडवा पसरू लागला. बाहेरची वाट एका माणसापुरती उरली. लियाननं आधी बागुलबाईंना काढलं, मग बागुलांना.

"तुम्ही चला," तो म्हणाला.

"मी थांबतो तिच्याजवळ."

"थांबा. पण तुम्ही इथं म्हातारे होऊन मेलात तरी तिला कळायचं नाही. तिची पापणीही तोवर मिटायची नाही."

लियान गेला. श्रीरंग दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला. ताई दगडाकडे बघत होती. काम उरकल्यावर यायचं तसं समाधान तिच्या चेहऱ्यावर नुकतं येऊ लागलं होतं. ते पूर्ण कधी येईल याचा त्यानं अंदाज केला आणि सोडून दिला. एक वीसला वाट खिडकीएवढी झाली. दगड आता त्याच्या पाठीला लागत होता आणि त्याला ताईकडे सरकवत होता.

"ताई, मी बाहेर जाऊन माणसं आणतो," तो म्हणाला. "पहारी आणतो. सोमवारच्या आत काढतो तुला."

"केळुस्कर!" खिडकीतून बागुलांचा दिवा चमकला. "आधी डोकं घाला, मग एक खांदा. मी ओढतो. घाई करा हो, हे मिटतंय!"

रांगण्यासाठी श्रीरंगनं खिशातून हात काढले आणि तो त्या चिंचोळ्या जागेत वळला. वळताना त्याचा बूट ताईच्या पावलाला लागला.

"अहो, या ना!"

"आलो," श्रीरंग म्हणाला.

त्याचा उजवा हात खाली निघाला होता. सँडलमधल्या ओल्या बोटांपासून तो चार बोटं वर होता. मग तीन.